वजन टाकून पाहिलेलं कार्ड

वहिनीच्या हातात नवी वस्तू दिली की ती आधी पालथी करते. मिक्सर असो, टॉर्च असो, नाहीतर लेकीला कुणी दिलेली बोलकी बाहुली असो. पुढची बटणं, रंग, चकचकीत नाव यांकडे तिचं लक्षच नसतं. पाठीमागे स्क्रू आहेत का, घरातल्या साध्या स्क्रूड्रायव्हरने ते निघतात का, एवढंच ती बघते. स्क्रू नसले की ती वस्तू तिच्या मनातून उतरलीच म्हणून समजा. "हिला उघडूच द्यायचं नाहीये," असं म्हणून तिने बाहुली लेकीला परत दिली, आणि पुढे ती बाहुली कितीही गोड बोलली तरी वहिनी तिच्याशी जरा फटकूनच वागली.

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली ही बाई पायांच्या कार्यशाळेत आली ती दिरामुळे. नवरा जहाजावर, वर्षातले बरेच महिने पाण्यावरच. सासरे आणि दीर दोघंही या कार्यशाळेत कृत्रिम पाय बनवायचे. तिथे कॉम्प्युटर आला, आणि तो सांभाळायला माणूस हवा असं निघालं, तेव्हा दीर म्हणाला, "आमच्या वहिनी आहेत की!" मग तो दिवसभर "वहिनी, हे अडकलं", "वहिनी, ते दिसेना" असा ओरडत राहिला आणि तिला सगळ्यांचीच वहिनी करून बसला. पायासाठी येणारे लोक तिला वहिनी म्हणतात, झाडूवाल्या बाई म्हणतात, आणि कार्यशाळेच्या प्रमुख डॉक्टरीणबाई, ज्या तिच्याहून चांगल्या मोठ्या आहेत, त्यासुद्धा वहिनीच म्हणतात.

कार्यशाळा म्हणजे एक जुनं गोदाम. पुढच्या खोलीत चालायला शिकण्यासाठी दोन समांतर दांड्या. मागच्या खोलीत प्लास्टर, करवती, कानशी आणि सगळ्यावर पांढरी धूळ. त्या दोन्हींच्या मधल्या चिंचोळ्या खोलीत वहिनी, तिचा कॉम्प्युटर, आणि धूळ आत येऊ नये म्हणून दाराच्या फटीत कोंबलेलं ओलं फडकं.

इथला एक नियम आहे. तयार झालेला पाय थेट माणसाला देत नाहीत. आधी तो लोखंडी दाबयंत्रात उभा करतात आणि माणसाच्या वजनाहून बराच जास्त भार त्याच्यावर टाकतात. कर्र वाजलं की पाय परत मागच्या खोलीत. निमूट उभा राहिला तर सासरे, म्हणजे वहिनीचे मामंजी, त्याच्या टाचेवर निळ्या पेन्सिलीने एक ठिपका देतात. ठिपका नसलेला पाय दाराबाहेर जात नाही, मग माणूस कितीही घाईत असो.

आता कॉम्प्युटरचं या सगळ्यात काय काम, तर ते मोठंच आहे. कृत्रिम पायात सगळ्यात अवघड असते ती वाटी, उरलेला पाय जिच्यात बसतो ती. माणसाच्या पायाचा प्लास्टरचा ठसा घेतला म्हणजे वाटी होत नाही. तो ठसा हाताने दुरुस्त करावा लागतो. हाडाचं टोक असेल तिथे जागा सोडायची, मांस भार सोसू शकेल तिथे दाबायचं. कुठे किती, हे मामंजींच्या अंगठ्याला कळायचं. त्यांनी दुरुस्त केलेला प्रत्येक ठसा स्कॅन करून कॉम्प्युटरमध्ये ठेवलेला असायचा. वाटी झिजली, माणूस पुन्हा आला, की तोच आकार काढायचा आणि मशीनवर कोरायचा.

आणि गेल्या काही वर्षांत मामंजींचे हात कापायला लागले होते. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरत. कानस तर त्यांनी खालीच ठेवली होती. म्हणजे त्या अंगठ्याने केलेलं सगळं काम आता फक्त वहिनीच्या खोलीत, चार डिस्कवर होतं.

एका सकाळी तिने कॉम्प्युटर चालू केला आणि चारही डिस्क कोऱ्या दिसल्या.

तिने पुन्हा चालू केला. पुन्हा कोऱ्या. मग तिने प्रत्येक डिस्क काढून वेगळ्या कॉम्प्युटरला लावली, चालू असताना कान लावून ऐकली. डिस्क ठणठणीत होत्या. मेलं होतं ते डिस्क कंट्रोलर कार्ड, म्हणजे कॉम्प्युटर आणि डिस्क यांच्या मध्ये बसलेला मध्यस्थ. हे कार्ड फार हुशार होतं. चार डिस्कवर माहिती कशी वाटायची, कुठल्या तुकड्याची नक्कल कुठे ठेवायची, हे सगळं ते स्वतःच ठरवायचं, आणि स्वतःच्याच भाषेत लिहायचं. ती भाषा दुसऱ्या कुणाला येत नव्हती. कार्ड बनवणाऱ्या कंपनीने ते कधीच बंद करून टाकलं होतं.

दीर दारात येऊन उभा राहिला. "काय झालं वहिनी?"

"दुभाषा मेला, भाऊजी."

"म्हणजे आकार गेले?"

"आकार आहेत. वाचणारं कुणी नाही."

पोस्टमनकाका नेमके त्याच आठवड्यात नवीन वाटीसाठी आले होते. डावा पाय गुडघ्याखाली नसलेला हा माणूस रोज अख्खी वस्ती पालथी घालायचा. त्यांची वाटी बसवताना मामंजींना फार झगडावं लागलं होतं. किती वेळा ठसा मोडला आणि पुन्हा केला. काका बाकावर बसून म्हणाले, "मास्तर, पुन्हा नव्याने ठसा घ्या की माझा." मामंजींनी आपले हात पुढे केले आणि ते कसे थरथरतात ते नुसतं दाखवलं. वहिनी उठून आपल्या खोलीत गेली आणि मेलेल्या कार्डाचा नंबर फोनमध्ये टिपून घेऊन बाहेर पडली.

जुने कॉम्प्युटर मोडून त्यांचे सुटे भाग विकणारा एक दुकानदार होता. जिन्याखालचं दुकान, आत वायरींचं जंगल, आणि त्या जंगलात मधोमध तो. वहिनी दिवसाआड त्याच्याकडे खेटे घालू लागली. त्याने ढिगातून कार्डं काढायची, तिने नंबर जुळवायचा, मान हलवायची. शेवटी एक कार्ड मिळालं. नंबरातलं शेवटचं अक्षर वेगळं, बाकी जुळी बहीण. ते लावलं तेव्हा त्याने कुरकुर केली, मग डिस्क ओळखल्या. वहिनीने जागेवरून न हलता सगळे आकार एका मोठ्या बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतले, ती डिस्क डॉक्टरीणबाईंच्या कपाटात ठेवली, आणि मग कुठे तिच्या घशाखाली चहा उतरला.

"चला, सुटलो," दीर म्हणाला.

"सुटलो कसले? हे कार्ड म्हातारं आहे. आणि पुन्हा तसलंच हुशार कार्ड बसवलं तर पुन्हा हेच होणार."

पुढच्या आठवड्यात कॉम्प्युटरच्या पुरवठादाराचा माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत कागदावरची चित्रं. त्याने एक बंद पेटी सुचवली. आत अत्यंत हुशार कार्ड, कंपनीची हमी, काही बिघडलं तर फोन करा. वहिनीने पेटी मनातल्या मनात पालथी केली. स्क्रू नव्हते.

"मला साधं कार्ड हवंय मॅडम," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "डिस्क जशा आहेत तशा पुढे दाखवणारं. आपली अक्कल न चालवणारं. वाटणी आणि नक्कल करायचं काम लिनक्स करेल, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी मुख्य प्रणालीच. त्याची पद्धत उघडी आहे, कुणालाही वाचता येते. उद्या कार्ड मेलं तर दुसऱ्या कुठल्याही जातीचं कार्ड लावायचं, डिस्क तशाच चालतील."

डॉक्टरीणबाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "पटतंय. पण माझी अडचण वेगळी आहे. कंपनीला फोन तरी करता येतो. तुमच्या कार्डाचं सगळं तुमच्या डोक्यात. तुम्ही तापाने पडलात, नाहीतर जहाज बघायला निघून गेलात, तर मी कुणाला फोन करू? एका कार्डावरची भिस्त काढून एका बाईवर टाकायची, यात मी काय कमावलं?"

प्रश्न खरा होता. वहिनीला राग येण्याऐवजी तो आवडला. "तुम्हीच सांगा, काय केलं म्हणजे पटेल?"

"मी नंतर सांगते. आधी तुमचं कार्ड तर आणा. हे गृहस्थ उत्तर घ्यायला पुन्हा येणारच आहेत, तोपर्यंत."

वहिनी पुन्हा जिन्याखाली. या वेळी तिच्या गळ्यात शिट्टीसारखा एक पेनड्राइव्ह लटकत होता. त्याच्यात अख्खं लिनक्स भरलेलं. दुकानदाराने खूश होऊन एक सीलबंद डबा पुढे केला.

"ताई, हे घ्या. डब्यावरच लिहिलंय, लिनक्स चालतं."

"डबा नको. कार्ड काढा, तुमच्या या कॉम्प्युटरला लावा."

"अहो, सील तुटेल!"

"चप्पल तरी पायात घालून बघू देता ना?"

"चप्पल विकत नाही म्हणून तर बरंय," तो पुटपुटला, पण सील त्याने तोडलं.

वहिनीने पेनड्राइव्ह लावून लिनक्स चालू केलं आणि कार्डावर चिप कोणती आहे ते विचारलं. चिपचं नाव आलं. पण ती चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, काही पुढे आला नाही.

"त्याची सीडी आहे ना डब्यात," दुकानदार म्हणाला. "सीडीत ड्रायव्हर आहे."

"कुठल्या आवृत्तीचा? बघा, जुन्या आवृत्तीचा आहे. सीडीतला ड्रायव्हर म्हणजे पाहुणा. आम्ही घर बदललं की त्याला पत्ता सापडत नाही. मला घरचा हवाय. लिनक्सच्या गाभ्यातच असलेला, आवृत्ती बदलली की सगळ्यांबरोबर पुढे येणारा."

दुसरा डबाही तसाच. तिसऱ्या डब्याने तर कमाल केली. नाव तेच, नंबर तोच, एक कार्ड झटक्यात ओळखलं गेलं आणि त्याच शेल्फावरचा त्याचा जोडीदार मुळीच नाही. आतली चिपच निराळी होती. कंपनीने डबा तोच ठेवून आतला माल बदलला होता.

दुकानदाराने कपाळावर हात मारला. "मी हे जुळे म्हणून विकतोय ना ताई!"

"आता कळलं तुम्हाला, मी डबा का वाचत नाही ते?"

"कळलं. दुकान बंद केल्यावर या, सगळा ढीगच विचारून घ्या त्या शिट्टीला."

घरी येऊन तिने पुढचं काम केलं. कोणत्या चिपबद्दल लोक काय म्हणतात, कुणाची डिस्क चालता चालता कधी गळाली, म्हणजे दिसेनाशी झाली, ड्रायव्हर सांभाळणारी माणसं अजून उत्तरं देतात की गप्प झाली आहेत, हे ती जेवताना वाचायची, भाजी ढवळताना वाचायची. लेक म्हणाली, "आई, तू काय शेजाऱ्यांच्या चहाड्या वाचतेस का?" वहिनी म्हणाली, "अगदी तेच. कार्डाची वागणूक शेजाऱ्यांनाच ठाऊक असते."

शेवटी तिने दोन कार्डं निवडली, मुद्दाम दोन वेगळ्या चिपची. एक कामाला, एक संकटाला. कामाचं कार्ड ढिगातलं सगळ्यात कळकट, एका मोठ्या सर्व्हरमधून काढलेलं. त्यालाही थोडी हुशारी होती. वहिनीने त्याच्यातला आतला प्रोग्राम पुसून साधा प्रोग्राम भरला.

"काय चाललंय?" दिराने विचारलं.

"याची अक्कल काढून घेतेय."

"मोठं मशीन आणावं लागलं नाही ना? माझी अक्कल तर आईने नुसत्या डोळ्यांनी काढली होती."

मग त्या कार्डावर भार टाकायचा दिवस आला. ही कल्पना वहिनीला दाबयंत्रावरूनच सुचली होती. कार्ड चालू झालं म्हणजे चांगलं, असं ती मानायला तयार नव्हती. तिने चारही डिस्कवर सगळे आकार भरले आणि मग कॉम्प्युटरला कामाला लावलं. लिही, वाच, पुस, पुन्हा लिही, चारही डिस्कवर एकदम, न थांबता. सकाळ छान गेली. दुपारचे डबे उघडले आणि एक डिस्क गळाली. हात धुऊन येईपर्यंत दुसरी.

पुरवठादाराच्या माणसाची पेटी तिच्या डोळ्यांपुढे तरळून गेली. पण तिने हात टेकले नाहीत. कॉम्प्युटरचं झाकण काढून तिने कार्डाला बोट लावलं आणि चटकन तोंडात घातलं.

दिरानेही लावून बघितलं. "अरे बापरे! ही तर इस्त्री झाली."

"मोठ्या सर्व्हरमध्ये याच्यावर सोसाट्याचा वारा असतो. इथे कोंडलंय बिचारं." वहिनीचा चेहरा उजळला. "बरं झालं आत्ताच कण्हलं ते. भाऊजी, पट्टी आहे का तुमच्याकडे, वाकणारी?"

दीर मागे गेला आणि मुलांच्या पायाच्या आधारासाठी वापरतात तसली ॲल्युमिनियमची पट्टी घेऊन आला. माप घेऊन, दोनदा वाकवून, भोकं पाडून त्याने असा कंस बनवला की एक छोटा पंखा बरोबर कार्डाच्या डोक्यावर बसला. पुन्हा भार. दुपार गेली, दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. एकही डिस्क गळाली नाही.

पुरवठादाराचा माणूस उत्तर घ्यायला आला त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आपली अट सांगितली. "आज हे कार्ड मेलं असं समजा. आकार दुसऱ्या कॉम्प्युटरवर, दुसऱ्या कार्डावर आणायचे. पण वहिनी, तुम्ही हात लावायचा नाही. बोलायचंही नाही. काम हा करेल," आणि त्यांनी दिराकडे बोट दाखवलं.

दिराच्या हातातून प्लास्टरचं भांडं पडता पडता राहिलं. "मी? मॅडम, मला मोबाईलचा आवाज कमी करायला पोरांना बोलवावं लागतं!"

"म्हणूनच."

वहिनी भिंतीला टेकून उभी राहिली. तिने खोलीत एक कागद चिकटवून ठेवला होता, चार ओळींचा: बंद कर, डिस्क काढ, दुसऱ्यात घाल, चालू कर. दिराने हात पुसले, कॉम्प्युटर बंद केला आणि एकेक डिस्क काढली. आता, हा माणूस आयुष्यभर पाय बनवत आलेला. चार वस्तू हातात आल्या की तो त्या जोडीनेच मांडणार. त्याने दोन डिस्क डाव्या बाजूला ठेवल्या, दोन उजव्या, एकमेकींकडे तोंड करून, तयार पाय फळीवर ठेवतात तशा. आणि मग डावी, उजवी, डावी, उजवी अशा दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये सरकवल्या. मूळ क्रमाचा पार बोजवारा उडाला.

पुरवठादाराचा माणूस भला होता. तो न राहवून पुढे आला. "अहो थांबा, क्रम चुकला! आमच्या पेटीत असं केलं तर सगळ्यावर पाणी पडेल. चालू करू नका."

दिराचा हात बटणावरच थिजला. सगळे वहिनीकडे बघू लागले. मागच्या खोलीतून मामंजी येऊन दारात उभे होते.

लिनक्स प्रत्येक डिस्कला तिच्यावर लिहिलेल्या खुणेवरून ओळखतं, ती कुठल्या खणात बसलीय त्यावरून नाही, हे तिने वाचलं होतं. करून मात्र पाहिलं नव्हतं. एक शब्द बोलली असती तर डिस्क नीट लावता आल्या असत्या.

"मॅडम, एवढंच बोलते," ती म्हणाली. "आहेत तशाच राहू द्या. कपाटात नक्कल आहे, आज काही बुडणार नाही. पण उद्या मी नसेन आणि कुणीतरी घाईत अशाच लावेल. ते चालत नसेल तर माझं कार्ड नको. आत्ताच कळू दे."

डॉक्टरीणबाईंनी दिराला मान हलवून सांगितलं, "कर चालू."

पंखे घुमले. पडद्यावर ओळी धावल्या. वहिनी त्या वाचत होती आणि बाकीचे वहिनीचा चेहरा वाचत होते. पहिली डिस्क आली. तिसरी आली. मग दुसरी आणि चौथी. लिनक्सने त्यांना आपापल्या जागेवर नेऊन बसवलं, जणू काही झालंच नव्हतं. आकारांची यादी उघडली.

"पोस्टमनकाकांचा काढ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दिराने बोटाने एकेक नाव खाली सरकवत तो शोधला. पडद्यावर राखाडी रंगाची वाटी हळूहळू फिरू लागली. मामंजी जवळ आले. त्यांनी कापतं बोट पडद्याशी नेलं आणि हाडाच्या टोकाखाली जिथे आकार किंचित आत गेला होता तिथे टेकवलं. "हे बघा. इथे मी जास्त घेतलं होतं, ते घासून कमी केलं. तसंच आहे." मग त्यांनी मागे वळून विचारलं, "त्या कामाच्या कार्डावर वजन टाकलं का?"

"टाकलं, मामंजी. एकदा मोडलंसुद्धा. मग दुरुस्त केलं."

"आणि आत्ता याने उलटसुलट लावलं ते?"

"ते भाऊजींनी जास्तीचं टाकलं."

"हो, ते मुद्दामच!" दीर छाती काढून म्हणाला, आणि पुरवठादाराचा माणूससुद्धा हसला. त्याने आपले गुळगुळीत कागद गोळा केले आणि जाता जाता वहिनीला हळूच विचारलं की त्या कळकट कार्डावरची चिप कुठली.

मामंजींनी खिशातून निळी पेन्सिल काढली. एका हाताने दुसरं मनगट धरून त्यांनी कामाच्या कॉम्प्युटरच्या पेटीवर, खाली कोपऱ्यात, ठिपका द्यायचा प्रयत्न केला. हात हलला आणि ठिपक्याची वेडीवाकडी रेघ झाली.

"बाबा, हा ठिपका आहे की नदी?" दीर म्हणाला.

"वाहू दे," मामंजी म्हणाले आणि पेन्सिल खिशात ठेवली.

त्या आकारावरून कोरलेली वाटी घालून पोस्टमनकाका समांतर दांड्यांच्या मधून चालले, मग दांड्या सोडून चालले. टोकाला जाऊन वळले आणि तक्रार केली ती बुटाची, वाटीबद्दल एक शब्द नाही. मधल्या खोलीत तेव्हा वहिनीने कॉम्प्युटर पुन्हा उघडला होता. संकटाचं म्हणून ठेवलेल्या दुसऱ्या कार्डावर अजून नीट भार टाकून झाला नव्हता. तिने दाराच्या फटीतलं फडकं ओलं करून पुन्हा कोंबलं आणि हाक मारली, "भाऊजी, तसलीच आणखी एक पट्टी वाकवा."